राखीव गोळ्या

शिवणघरात मशिनं चार होती, पण हुकूम एकीचाच चालायचा, सासूबाईंचा. शाळांच्या गणवेशांचं काम अंगावर असलं की कोणी मशीनवरून उठलेलं त्यांना खपत नसे. त्यांनी स्वतः चाळीस वर्षं असंच रेटलं होतं, सुनेला काय सोन्याचं अंग लागून गेलं होतं? सुनेला लघवीला जळजळ सुरू झाली तेव्हा त्यांनी मशीनचा खण ओढला आणि दोन गोळ्या तिच्या हातावर ठेवल्या.

या गोळ्यांना घरात 'राखीव' म्हणत. कोणालाही डॉक्टरांनी पाच दिवसांचं औषध दिलं की दुसऱ्या दिवशी ताप उतरायचा, आणि उरलेल्या गोळ्या सासूबाई काढून घ्यायच्या. बऱ्या झालेल्या माणसानं औषध खायचं म्हणजे पोट भरल्यावर पुन्हा पानावर बसायचं, असं त्यांचं शास्त्र. पट्टी त्या कात्रीनं कापून एकेक गोळी सुटी करायच्या. कापड बेततात तशीच, कडेला फालतू काही न ठेवता. त्यात औषधाचं नाव कापलं गेलं तर गेलं. नाव घेऊन करायचं काय? अक्षर लावता लावता त्यांना दुपार व्हायची.

दोन गोळ्यांनी सुनेला बरं वाटलं. महिन्यानं पुन्हा दोन, दुसऱ्या रंगाच्या. मग आणखी दोन. चौथ्या खेपेला हुडहुडी भरून ताप आला, कंबर धरून ती मशीनवरच वाकली. आता हॉस्पिटलात दोन दिवस सलाईनमधून औषध जात होतं आणि ताप जागचा हलत नव्हता.

सासूबाईही लोखंडी स्टुलावरून हलल्या नव्हत्या. सुजून पायांचे खांब झाले होते. डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा त्यांनी सुनावलं, की ही पाण्यासारखी औषधं पुरे झाली, जरा जोराचं काढा.

डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांखालीही काळं साचलं होतं. त्या खाटेच्या दांडीला टेकल्या.

"आजी, जोराचं असं काही नसतं. त्या जंतूला लागू पडतं, नाहीतर पडत नाही. एक औषध आहे, पण ते आम्ही राखीव ठेवतो. उठसूट वापरलं की जंतू त्यालाही सरावतात, मग पुढच्या पेशंटला द्यायला हातात काही उरत नाही. लघवीचा रिपोर्ट उद्या येईल. पण दुखणं किडनीपर्यंत गेलंय, आजचा दिवस मला चुकीच्या औषधात घालवायचा नाही. आधी हिला काही दिलं होतं का?"

राखीव हा शब्द सासूबाईंच्या कानात अडकून बसला.

सून डोळे मिटूनच म्हणाली, काही घेतलं नव्हतं. कालही ती हेच म्हणाली होती. मुलगा उशाशी उभा होता, शेजारच्या खाटेवरची बाई कान टवकारून होती. गप्प राहिलं असतं तर घरचं घरात राहिलं असतं.

"खोटं बोलतेय ती," सासूबाई म्हणाल्या. "मी दिल्यात."

मुलाला त्यांनी घरी पिटाळलं, अख्खा खणच उचलून आण म्हणून. त्यानं तो चादरीवर पालथा केला. चंदेरी तुकड्यांचा ढीग पडला, आणि एकावरही धड नाव नाही. डॉक्टरीणबाईंनी एक तुकडा उचलला, त्यावर नावाचं नुसतं शेपूट होतं. अशा शेपटाची औषधं ढिगानं आहेत, म्हणाल्या, आणि तुकडा खाली ठेवला.

मग सासूबाईंनी चष्मा लावला. चौकटीच्या कापडाची चौकट जुळवावी तसे त्या तुकडे कडेला कड लावून ठेवत गेल्या. अक्षर वाचायचं नव्हतंच, रेघेला रेघ मिळवायची होती. तीन पट्ट्या उभ्या राहिल्या. हिला दिल्या त्या या पट्ट्यांतल्या. निळ्या गणवेशांच्या वेळी ही, करड्यांच्या वेळी ही, पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टांना ही. दर खेपेला दोनच.

डॉक्टरीणबाईंनी जुळलेली तिन्ही नावं लिहून घेतली.

"दोन गोळ्यांनी मऊ जंतू मरतात, आजी. चिवट मागे राहतात, आणि त्यांचीच पिलावळ वाढते."

आवाज चढवला असता तर सासूबाईंनी तोडीस तोड उत्तर दिलं असतं. त्या बाईनं तो चढवलाच नाही. आता चालू असलेलं औषध करड्यांच्या वेळच्या गोळीचंच भावंड निघालं, ते तिनं बंद केलं. राखीव सुरू केलं. उद्याच्या रिपोर्टात साधं औषध लागू दिसलं तर त्यावर येऊ, म्हणाली. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, त्यात तसं काही दिसलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुनेचा ताप उतरला, कपाळाला घाम फुटला. सासूबाईंनी पदरानं तो टिपला आणि विचारलं, डॉक्टरीणबाईंनी दोनदा विचारलं तरी सांगितलं का नाही.

"सगळ्यांसमोर तुम्ही तोंडघशी पडला असतात, आई."

"मी पडले असते तर माझी मी उठले असते. तुला कोण उठवणार होतं, शहाणे?"

आणखी पुष्कळ बोलायचं होतं. पण अंगात त्राण नव्हतं, आणि सून पुन्हा झोपली होती.