नाही म्हणणाऱ्यांच्या बाजूला

माझ्या दुकानात सकाळी कॉफीबरोबर मतं फुकट मिळतात. सगळ्यात जास्त वाटतो तो ड्वेन. दोन वर्षांपूर्वी टेक्सासहून बायकोला घेऊन आमच्या व्हरमाँटच्या डोंगरात राहायला आला, आणि तेव्हापासून आम्हाला शहाणपण शिकवतोय. सरकारनं माणसाच्या मधेमधे करू नये, निम्मे कायदे जाळून टाकावेत, फोन आपलं बोलणं चोरून ऐकतो. हे शेवटचं तो फोनवरच वाचून दाखवतो.

मार्चमधल्या गावसभेच्या दिवशी सकाळी तो आला. बूट बर्फानं माखलेले, तोंड मात्र चालूच.

"विनी, तुम्ही उत्तरेकडची माणसं ना, दारातला बर्फ काढायलासुद्धा सरकारला हाका मारता."

"अरे वा रे शहाण्या! आणि आज सभेत तुमच्याच रस्त्याचा ठराव आहे, तो कोणी मांडलाय?"

"वर्नानं. मी विरोधात मत देणार."

वर्ना म्हणजे त्याची बायको. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिला डायलिसिसला न्यावं लागतं. त्यांचं घर वरच्या जुन्या रस्त्यावर, आणि तिथला बर्फ गाव काढत नाही. काढावा, एवढंच तिचं मागणं. मला ते केव्हाच पटलं होतं. पण ड्वेन जाता जाता दारातून म्हणाला, "तू करशील हात वर. मेंढरांना सवयच असते." माझं डोकं असं फिरलं म्हणता!

सभेत आधी आवाजी मतदान झालं. दोन्हीकडचा आरडाओरडा सारखाच. मग अध्यक्ष थर्स्टन म्हणाला, होकारवाले खिडकीकडे, नकारवाले शेगडीकडे, आता डोकी मोजू. मी तरातरा शेगडीकडे गेले. ठराव काय, होणारच होता. पण म्हटलं, बाबा रे, तुला सरकार नको ना, मग घे माझंही एक मत.

ड्वेन माझ्या शेजारीच टोपी हातात धरून उभा होता. मला बघून तो जरा बाजूला सरकला.

खिडकीकडे सत्तेचाळीस भरले. शेगडीकडे अठ्ठेचाळीस.

माझ्याच एका मतानं ठराव पडला होता. समोर वर्ना खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. होकारवाल्यांच्या घोळक्यात ती मलाच शोधत होती. मी सापडले, पण इकडे. तरी हसली बिचारी.

"ठराव नामंजूर," थर्स्टन म्हणाला आणि पुढच्या विषयाचा कागद शोधायला लागला.

आमच्याकडे नियम असा, की पुढचा विषय निघायच्या आत फेरमतदान मागता येतं, पण मागायचं ते जिंकलेल्या बाजूच्याच माणसानं. म्हणजे आम्हा अठ्ठेचाळीसांपैकी कोणीतरी. मी ड्वेनकडे पाहिलं. तो टोपीची कड बोटांत फिरवत होता. थर्स्टनला कागद सापडला.

"थांब!" मी ओरडले. "फेरमतदान घे."

"कारण काय, विनी?"

"कारण मी मूर्ख बाई आहे. राग ड्वेनचा आला आणि मत वर्नाच्या विरोधात टाकलं. आता हसा."

कोणी हसलं नाही. पुन्हा दोन बाजू करायला सांगितल्यावर मी खिडकीकडे निघाले. मागून ड्वेन जरा मोठ्यानंच म्हणाला, "मी बाहेर जाऊन गाडी गरम करून ठेवतो. वर्नाला थंडी बाधते." आणि गेला निघून.

होकार अठ्ठेचाळीस, नकार शेहेचाळीस. ठराव पास.

मी वर्नाजवळ गेले. मान वर करवत नव्हती. "चुकलं गं माझं," म्हटलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "चल, नवऱ्यानं गाडी गरम केली असेल."

"कुठली गाडी?" वर्ना म्हणाली. "रविवारपासून ती घराशीच बर्फात गाडली गेलीय. मला शेजाऱ्यानं बर्फावरच्या स्कूटरवरून खाली आणलं, आणि हा पहाटेपासून चालत आला. कालची डायलिसिसची खेप चुकली माझी. तुला बोलला नाही?"

मी बाहेर आले. ड्वेन माझ्या गाडीशी उभा होता आणि कोटाच्या बाहीनं तिच्या काचेवरचा बर्फ काढत होता. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"विनी," तो म्हणाला, "उद्या बुधवार आहे."

मी त्याच्या हातात किल्ली दिली.