दोन बॉड्या, एक चासी

रेनाटे हॉफश्टेटर यांनी वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी ताशी दोनशे किलोमीटरच्या वर गाडी पळवायचं ठरवलं, तेव्हा इंगोलश्टाटजवळच्या त्यांच्या गावात कुणाला फारसं नवल वाटलं नाही. बाई तशाच होत्या. धक्का बसला तो त्यांच्या भाडेकरणीला, अपूर्वा सबनीसला. कारण गाडी कुठली न्यायची, ते अपूर्वानं सांगायचं होतं.

अपूर्वा मूळची पुण्याची. गाड्यांवरून हवा कशी वाहते याची गणितं करण्यात तिची अकरा वर्षं गेली होती. रेनाटेंचे यजमान आलोइस दोन वर्षांपूर्वी वारले. घरामागच्या शेडमध्ये त्यांनी इंजिनासकट तयार केलेली एक चासी, म्हणजे गाडीचा चाकांवरचा सांगाडा, होती, आणि तिच्यावर बसतील अशा दोन जुन्या बॉड्या. सप्टेंबरात एका बंद पडलेल्या विमानतळावर वेगाची स्पर्धा भरायची. उभ्या गाडीनं सुटायचं, एक मैल धावायचं आणि शेवटी वेग मोजायचा. एकोणीसशे साठच्या आधीच्या बॉड्यांचा वेगळा गट होता आणि त्यातला विक्रम दोनशे चौदाचा होता. कुठली बॉडी ते लिहून अर्ज जूनअखेर द्यायचा होता.

"एवढंच सांग, लांबडी की आखूड?" रेनाटे म्हणाल्या.

लांबडी म्हणजे एकोणीसशे तीसच्या दशकातली ॲल्युमिनियमची बॉडी. पुढून गोल, चाकं झाकलेली, मागं निमुळती होत गेलेली. आखूड म्हणजे पन्नासच्या दशकातली, एखाद्या खेड्यातल्या डॉक्टरानं वापरावी अशी दोन दारांची, अरुंद, मागून तोडल्यासारखी. अपूर्वानं दोन्हींभोवती एक फेरी मारली.

"लांबडी. यात विचार करण्यासारखं काही नाही, फ्राऊ हॉफश्टेटर."

रेनाटेंनी मान हलवली, पण त्यांचा चेहरा काही खुलला नाही. अपूर्वाला ते खटकलं.

घरी तिनं नवऱ्याला हे सांगितलं. प्रणव उंटरश्लाइसहाइम नावाच्या गावी सॉफ्टवेअरमध्ये होता, गाड्यांतलं त्याला शून्य कळायचं.

"पण ती रुंद आहे ना?" तो म्हणाला. "म्हणजे हवेला जास्त अडवणार."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"काही नाही. म्हणून तर विचारतोय."

दुसऱ्या दिवशी तिनं लांबून दोन्ही बॉड्यांचे समोरून फोटो काढले आणि क्षेत्रफळ मोजलं. लांबडीचा आकार हवेतून सहज जाणारा होता, पण अंगानं ती बरीच मोठी. आखूड ओबडधोबड होती, पण लहान. आकारामुळे होणाऱ्या अडथळ्याचा आकडा आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार केला, तर दोन्हींतला फरक इतका कमी निघाला, की तिच्या मोजमापातली चूकच त्याहून मोठी असावी. तिनं पुन्हा गणित केलं. या खेपेला आखूड किंचित पुढं गेली.

"आल्झो, म्हणजे आखूड?" रेनाटेंनी विचारलं.

"बहुधा." आणि बाईंचा चेहरा पुन्हा तसाच राहिलेला पाहून ती म्हणाली, "खरं सांगा, आलोइसना कुठली हवी होती? तुम्हाला तीच न्यायची असेल, तर माझ्या आकड्यांचं राहू द्या."

रेनाटे आत जाऊन एक वही घेऊन आल्या. वहीत आलोइसचं बारीक अक्षर होतं. मार्चमध्ये 'लांबडी'. एप्रिलमध्ये ते खोडून 'आखूड'. मग पुन्हा 'लांबडी', खाली दोन रेघा मारून. चार वर्षांची पानं अशीच होती. शेवटच्या पानावर 'आखूड' आणि पुढं प्रश्नचिन्ह.

"शेवटी शेवटी तो मलाच विचारायचा," रेनाटे म्हणाल्या. "मी म्हणायचे, मला काय कळतंय? तू आल्यावर वाटलं, चला, हिला तरी ठाऊक असेल."

अपूर्वा वही चाळत राहिली. जिथं जिथं माणसानं मन बदललं होतं, तिथं तिथं त्याचं कारण बरोबरच होतं.

मग त्यांनी विमानतळाची धावपट्टी दोन रविवारच्या सकाळी मागून घेतली. पहिल्या रविवारी लांबडी चढवली. अपूर्वानं तिच्या पाठीवर लोकरीचे शंभरेक धागे चिकटवले. हवा अंगाला धरून वाहिली तर धागे सरळ राहतात, सुटली तर नाचतात. रेनाटेंनी गाडी ताशी एकशे वीसवर नेली, गिअर काढला आणि आपोआप थांबू दिली. शेजारून प्रणव आपली गाडी चालवत होता आणि अपूर्वा खिडकीतून चित्रण करत होती. गाडी लांबवर घरंगळत गेली. धागे विंचरल्यासारखे सरळ.

"बघ!" अपूर्वा ओरडली. "लांबडीच!"

तासाभरानं बाजूनं वारा सुटला. पुन्हा धाव घेतली, तर शेपटीवरचे डावीकडचे धागे नाचायला लागले, मग उजवीकडचे, मग परत डावीकडचे. गोल शेपटीवर हवा नेमकी कुठं सुटायची, ते तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं. गाडीनं एकदम हातभर सरकून पट्टीवरची पांढरी रेघ ओलांडली. प्रणवनं ब्रेक मारला.

रेनाटे उतरल्या. त्या हसत होत्या, आणि अपूर्वाला त्याचा अर्थ लागेना.

दुसऱ्या रविवारी आखूड चढवली. वारा तसाच होता. साठलाच तिचा खडखडाट सुरू झाला, ऐंशीला स्टिअरिंग हलायला लागलं, पण एकशे वीसलाही ती रेघ सोडून गेली नाही. मात्र लवकर थांबली, चांगली दीडशे मीटर आधी.

म्हणजे वारा नसेल तर लांबडी, असेल तर आखूड. आणि सप्टेंबरात वारा असेल की नाही, हे जूनमध्ये लिहून द्यायचं.

"मला कळत नाही," अपूर्वा शेवटी म्हणाली. हे वाक्य तिनं कामावर अकरा वर्षांत कधी उच्चारलं नव्हतं. "खरंच नाही कळत, फ्राऊ हॉफश्टेटर. माफ करा."

"गेनाऊ, अगदी बरोबर," रेनाटे म्हणाल्या आणि बोनेटवर टेकल्या. "मग मी सांगते. लांबडी शेवटपर्यंत गोड बोलते आणि मग एकदम हात सोडते. ही पहिल्यापासून कुरकुरते. हिचं कधी बिनसणार, ते मला आधी कळेल. आखूड लिही."

"पण विक्रम..."

"लिही गं."

सप्टेंबरात त्या दिवशी पानसुद्धा हललं नाही. अपूर्वा सकाळपासून झाडांकडे बघत होती. रेनाटे हेल्मेट घालून सुटल्या, आखूड गाडी गुरगुरत बारीक होत गेली, आणि फलकावर आकडा उमटला. दोनशे अकरा.

रेनाटे परत आल्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, कपाळावर हेल्मेटचा वळ. त्यांनी आकडा वाचला.

"लांबडीनं झालं असतं?"

अपूर्वा गणित करायला लागली. वारा नाही, तीन किलोमीटर कमी, रस्ता कोरडा. पण मधल्या टप्प्यावर बाजूनं एखादी झुळूक आली असती... तिनं बाईंकडे पाहिलं. त्यांना कुठलं उत्तर हवंय, हे तिला अजूनही ओळखता येत नव्हतं.

"झालं असतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "किंवा नसतं. मला सांगता येत नाही."

रेनाटेंनी हातमोजे काढले, तिच्या हातात दिले आणि कॉफी कुठं मिळते ते विचारायला निघून गेल्या. अपूर्वा ते ओलसर हातमोजे धरून उभी राहिली. बाई नाराज आहेत की खूश, ते तिला कळलं नाही. प्रणवला विचारलं, तर तो म्हणाला, दोन्ही असतील.