टेंभुर्णीच्या शिवारातली टकटक

विश्वात आपण एकटेच आहोत का, या मानवजातीच्या सर्वांत थोर प्रश्नाचं उत्तर टेंभुर्णीच्या शिवारात शनिवारी दुपारी सव्वातीनला मिळालं. त्याआधी मिळणं शक्य नव्हतं, कारण तीनपर्यंत लाइट नव्हती.

प्रांजली पुण्यात रेडिओ दुर्बिणीवर संशोधन करते. दूर कुठे आपल्याहून हुशार कुणी असेल तर त्याच्याकडे यंत्रं असणार, आणि त्या यंत्रांच्या रेडिओलहरी कधीतरी इकडे पोचणार, या भरवशावर तिने मल्हारीकाकाच्या शेतातल्या पत्र्याच्या खोलीवर त्या लहरी पकडणारा एक मोठा भोंगा बसवला होता. तो कायमचा कुठे ठेवायचा ते तिचे सर सोमवारी ठरवणार होते. त्यांना तासाभराचं असं रेकॉर्डिंग हवं होतं, ज्यात इथल्या एकाही यंत्राचा आवाज नाही. नाहीतर भोंगा दुसऱ्या जिल्ह्यात. आणि प्रांजलीची परतीची गाडी रविवारी सकाळी होती.

म्हणून मोटार बंद केली, सगळ्यांचे मोबाइल बंद केले. भोंग्याला जोडलेल्या स्पीकरमधून खरखर येऊ लागली. आणि तिच्यात, टक. टक. टक.

"आकाशातला तारा नुसती खरखर करतो, काका," प्रांजली हळूच म्हणाली. "असा ठेका मशीनच धरतं."

"मंग आले की तुझे लोक," मल्हारी म्हणाला. हवामान खात्यावर त्याने आजवर विश्वास ठेवला नव्हता, पण हे त्याला लगेच पटलं.

तिने भोंगा पूर्वेला वळवला. टक. पश्चिमेला वळवला. टक.

"सगळीकडून कसं येईल?"

"वस्ती दाट असंल तिकडं."

"काका, इथलंच काहीतरी चालू आहे."

"इथं बिलकुल काही न्हाई. तू सरांला फोन लाव, जल्दी."

शेंगा निवडत बसलेल्या सुगंधाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल हा माणूस एवढी खात्री देत नसतो.

शेताच्या कुंपणाच्या तारेवर पाटी होती : सावधान, झटका चालू आहे. अर्ध्या शिवारात नुसत्या पाट्याच आहेत. पिकात घुसणाऱ्या रोह्यांना, म्हणजे नीलगायींना, वाचता येत नाही, पण शेजाऱ्यांना येतं. मल्हारीकडे मात्र बॅटरीवरचं झटका मशीनही होतं, सेकंदा-सव्वा सेकंदाला तारेत झटका सोडणारं. दिवाळीत सुगंधाबाईच्या शेळीने त्या तारेला नाक लावलं आणि दोन दिवस दूध दिलं नाही. तेव्हापासून आपल्याकडेही नुसती पाटीच आहे, असं मल्हारीने घरात जाहीर केलं होतं.

प्रांजलीने मोबाइल चालू केला. सरांचा नंबर काढला. परग्रहावरची माणसं सापडली असं सरांना सांगितलं असतं, तर पुढची पाच वर्षं तिच्या मागे लोक टकटक करत फिरले असते. मल्हारीने पुतणीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि बराच हिशेब केला.

"थांब," तो म्हणाला. "माझं हाय ते."

"काय?"

"झटका मशीन. खताच्या गोणीमागं."

सुगंधाबाईने सूप खाली ठेवलं. "दिवाळीपासून?"

"मधून मधून."

टक, भोंगा म्हणाला.

मशीन बंद झालं. पण ओढ्यापलीकडे रोही हरभऱ्यावर डोळा ठेवून उभेच होते, तेव्हा तासभर कुणीतरी राखण करायला हवी होती. कुणी, ते कुणी विचारलं नाही. मल्हारी बांधावर उपरणं फिरवत नुसत्या तोंडाने ओरडत राहिला. माणसाचं ओरडणं रेडिओत येत नाही, असं प्रांजलीने सांगितल्यावर सुगंधाबाईनेही त्याला जे बोलायचं होतं ते मोकळेपणाने बोलून घेतलं.

"काय आलं?" साडेचारला मल्हारीने बसलेल्या आवाजात विचारलं.

"काहीच नाही, काका." प्रांजलीचा चेहरा उजळला होता. "एवढं छान ‘काहीच नाही’ मी कुठे ऐकलं नव्हतं."

सोमवारी पुण्याहून तिचा फोन आला : भोंगा टेंभुर्णीतच राहणार. मल्हारीने ही बातमी चार वस्त्यांवर स्वतः जाऊन सांगितली. तो गेल्यावर सुगंधाबाईने पुतणीला फोन लावला.

"प्रांजली, पुढच्या खेपेला येशील तव्हा वायर थोडी जास्तीची आण. तो स्पीकर माझ्या चुलीपाशी बसवून दे."