डावा मुंढा

भाऊजींचा कोट मीच पास केला. कुठे चुकलंय ते दिसत होतं, तरी पास केला, आणि घरी येऊन पोटभर जेवले. लपवायचंय कोणापासून?

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा, आणि अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या हाताखाली अकरा वर्षं शिकलेला माणूस. अप्पा जुन्या काळातल्या सैनिकी कोटांसारखे कोट शिवत. गावात एक हौशी मंडळ आहे, ते वर्षातून एकदा मैदानावर जुनी लढाई करून दाखवतं. कॅप्टन दातांचा डॉक्टर, सैन्यात कारकून, मास्तर, एक बेकरीवाला. पण अंगात कोट चढला की चालच बदलायची सगळ्यांची. ते कोट वीस वर्षं अप्पांचे. संग्रहालयातल्या खऱ्या कोटावरून त्यांनी कापड कापायचे नमुन्याचे कागद उतरवून घेतले होते, महिनाभर रोज जाऊन.

दोन वर्षांपूर्वी भाऊजींनी कॅप्टनच्या कानात सोडलं, "अप्पांना आता दिसत नाही हो. काजं मशीनवर मारतात, आणि हाताची म्हणून खपवतात." कॅप्टनने भर बैठकीत अप्पांचा कोट उलटा करून टाके तपासले आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू." धादांत खोटं होतं ते! अप्पांच्या बोटांना सुईचे घट्टे आहेत अजून. त्याच आठवड्यात अप्पांच्या पेटीतले ते कागद गायब झाले आणि भाऊजींनी वेगळं दुकान थाटलं. अप्पांनी कात्री फडक्यात गुंडाळली ती पुन्हा सोडली नाही. जेवताना मान खाली, बोलणं बंद. मी मनाशी म्हटलं, थांबा भाऊजी, तुमचा हिशेब माझ्याकडे आहे.

यंदा मंडळाने चाळीस नवे कोट करायचे ठरवले. अप्पांचे कोट बघत वाढलेली म्हणून कॅप्टनने मला निवडीला बोलावलं. तिथे तीन पुतळ्यांवर तीन कोट. पहिल्याची बटणं प्लॅस्टिकची, वरून चंदेरी रंग फासलेला. नखाने खरवडला तर निघाला. दुसऱ्याचं कापड इतकं विरळ की कापल्या कडेतून दोरे लोंबत होते. तिसरा भाऊजींचा. लोकर घट्ट, कड दुमडलेली नाही तरी एक दोरा सुटलेला नाही, अस्तर सुती, काजं हाताची आणि मोत्याच्या ओळीसारखी. असणारच की, अकरा वर्षं त्यांनी अप्पांकडे काजंच तर केली होती. कापड कापायचे ते अप्पा.

मग मी डाव्या बाहीखाली हात घातला. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो गोल, दोन बोटं खाली होता. मी हसू कसं दाबलं माझं मला माहीत.

संग्रहालयातला तो कोट ज्याचा होता त्या सैनिकाची डावी बगल जायबंदी असावी. त्याच्या कोटाचा मुंढा तेवढा खोल कापलेला होता. अप्पांनी कागदावर तो जसा होता तसाच उतरवला, पण कापडावर खडू फिरवताना तो दोन बोटं वर घ्यायचे. दर वेळी. कागदावर लिहिलं नव्हतं. उभं राहिलं तर खोल मुंढ्याचा कोट झकास बसतो, हात उचलला की कोट सगळा वर येतो. म्हणून अप्पा म्हणायचे, कोट पुतळ्यावर निवडायचा नाही, माणसाला घालायचा आणि नेम धरायला लावायचा.

"काय म्हणतेस?" कॅप्टनने विचारलं.

"हाच घ्या. चाळीसच्या चाळीस."

भाऊजी खुशीत म्हणाले, "शेवटी पारख घरच्यांनाच असते."

घरच्यांना! मी म्हटलं, "हो ना."

लढाईच्या दिवशी मी अप्पांना हाताला धरून नेलं. नको नको म्हणत होते. भाऊजी पहिल्या रांगेत ताईला घेऊन बसलेले, ज्याला त्याला सांगत होते, "सगळे माझ्या दुकानातले." चाळीस जण ओळीने उभे राहिले, देखणे दिसत होते मेले. कॅप्टन ओरडला, "नेम धरा!"

चाळीस डावे हात वर गेले. चाळीस कॉलर कानांवर चढल्या, पोटं उघडी पडली, आणि टर्र, टर्र, टर्र, बगला उसवत गेल्या. बेकरीवाल्याचं डोकंच कोटात गेलं. मैदान हसून लोळायला लागलं. समोरची शत्रूसेनासुद्धा खाली बसून हसत होती. मला असा आनंद झाला म्हणून सांगू, दोन वर्षांत झाला नव्हता.

अप्पा हसले नाहीत. म्हणाले, "हा माझा कोट आहे. लोक माझ्या कोटाला हसतायत." हे मला सुचलंच नव्हतं.

तेवढ्यात कॅप्टन लाल होऊन आला आणि त्याने भाऊजींना धरलं. भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. अंगावरचं झटकायला ते ओरडले, "माझी काय चूक? कागद अप्पांचे! मी कागदाबाहेर रेघभरसुद्धा गेलो नाही!"

"कोणाचे कागद?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "पेटीतून गेले ते?"

ताईने नवऱ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. अप्पा पुढे झाले. कॅप्टनची बगल चाचपली, खिशातून खडू काढला. दोन वर्षं कात्री बंद होती, पण खडू खिशात होता! मुंढ्याच्या दोन बोटं वर त्यांनी रेघ ओढली आणि म्हणाले, "कागदावर नाही हे. हे विचारायचं होतंस. अकरा वर्षांत एकदा तरी."

कॅप्टनने सगळ्यांदेखत अप्पांची माफी मागितली आणि चाळीस कोट आमच्या दुकानात पाठवले. कोटांबरोबर भाऊजीही आले, मीच अट घातली होती. आता ते खाली सतरंजीवर बसून बाह्या उसवतात. अप्पा वर टेबलाशी, कात्री हातात, बगलेला जोडायचे तुकडे कापतात. कोट झाला की मी तो भाऊजींना घालायला लावते आणि दारात, रस्त्याकडे तोंड करून नेम धरायला लावते. बंदूक नाही, म्हणून कापड मोजायचा गज देते.

काल ताई आली होती. नवऱ्याला हात वर करून उभं असलेलं बघितलं आणि मला म्हणाली, "पुरे गं आता. सोड त्यांना."

मी म्हटलं, "सोडते की. अजून सदतीस राहिलेत."