अकिनीसाठी डॉक्टर

असमा कुवेतच्या सलवा भागातल्या एका शाळेच्या ऑफिसात काम करायची. मूळची राजापूरकडची, तिथे येऊन चौदा वर्षं झालेली. अरबी तिला बऱ्यापैकी यायची, त्यामुळे कुणाचं काही अडलं की हाक तिलाच. केजीच्या वर्गाला शिकवणाऱ्या अकिनीनेही तिलाच हाक मारली.

अकिनी केनियाची, किसुमूची. वय चौतीस. फेब्रुवारीपासून तिची पाळी बारा-बारा दिवस थांबत नव्हती. टेबलाला धरल्याशिवाय तिला वर्गात उभं राहवत नव्हतं.

असमा तिला घेऊन गेली, पण पहिल्या डॉक्टरने तिला तपासलंच नाही. चेहऱ्याकडे एक नजर टाकून म्हणाली, "अशक्त तर दिसत नाही. धडधाकट आहे." आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या.

दुसरीकडे दोन तास बसल्यावर आत बोलावलं. डॉक्टरने अकिनीकडे न बघता असमाला अरबीत विचारलं, "हिची सुंता झालीये का? आफ्रिकेत मुलींचीही करतात ना. या बायकांचं सगळं दुखणं त्यातूनच येतं."

असमा गडबडली. "जुना काही आजार होता का, विचारतायत," तिने अकिनीला इंग्रजीत सांगितलं. अकिनीने नकारार्थी मान हलवली. सोनोग्राफी झाली. गर्भाशयात गाठी होत्या. डॉक्टर म्हणाली, "गर्भाशय काढून टाकू. त्रासच मिटेल." मूल हवंय का, हे तिने विचारलं नाही.

गाडीत बसल्यावर अकिनी म्हणाली, "तिने आधी काय विचारलं होतं? खरं सांग. मला अरबी येत नाही, पण चेहरे कळतात."

असमाने सांगितलं.

"आमच्या लोकांत ती चाल नाही," अकिनी म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता कंटाळा होता. "तू विचारलं असतंस तर मी हेच उत्तर दिलं असतं."

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"मला वाईट वाटू नये म्हणून तू बोलणं गाळलंस, तर त्या खोलीत मी एकटीच उरते ना."

असमाने गाडी सुरू केली.

मग महिनाभर अकिनी कुठेच गेली नाही. "पुन्हा पहिल्यापासून कुणाला सांगत बसायचं त्राण नाही," एवढंच म्हणायची. एका दुपारी मुलांच्या चित्रांच्या वह्या उचलताना ती भिंतीला टेकून खाली बसली, ती उठेना. त्या दिवशी असमाने अकिनीच्या चर्चमधल्या बायकांना फोन लावले. डॉक्टरांची नावं बरीच मिळाली, पण प्रत्येक नावामागे काहीतरी होतंच. एक डॉक्टर ओरडते, एक दुखतंय म्हटलं की हसते. खैतान भागातल्या डॉक्टर इहसानबद्दल मात्र एका घानाच्या नर्सने सांगितलं, "सुदानची आहे. ऐकून घेते."

डॉक्टर इहसान उंच, काळीसावळी, पन्नाशीची बाई. ती थेट अकिनीशी इंग्रजीत बोलली. खालची पापणी ओढून बघितली, तळहात उजेडाकडे फिरवले.

"फिकेपणा आपल्या चेहऱ्यावर शोधत बसलं तर दिसणार नाही, इथे बघायचं असतं," ती म्हणाली. "किती महिने झाले? आईला असा त्रास होता का? मुलं हवीयत?"

शेवटच्या प्रश्नावर अकिनी खुर्चीत सरळ बसली. "हो," ती म्हणाली.

"मी बाहेर थांबते," असमा म्हणाली. दुभाष्याची गरज नव्हती. बाहेरच्या बाकावर बसल्यावर तिला जाणवलं, आपले खांदे किती दिवस ताठलेत.

रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन सहा निघालं. डॉक्टर इहसानने त्याच संध्याकाळी अकिनीला रक्त चढवायला पाठवलं आणि गाठी तेवढ्या काढणाऱ्या सर्जनशी स्वतः फोनवर बोलली. ऑक्टोबरमध्ये ऑपरेशन झालं. गर्भाशय राहिलं. गाठी पुन्हा येऊ शकतात, हेही डॉक्टरने आडपडदा न ठेवता सांगितलं.

जानेवारीत दोघी तपासणीला गेल्या. सगळं ठीक होतं. निघताना डॉक्टर इहसान म्हणाली, "उन्हाळ्यात मी कायमची कतारला जातेय. तुझी फाईल नीट करून देते."

जिना उतरताना अकिनी मधल्या पायरीवर थांबली. "म्हणजे पुन्हा शोधायचं."

"शोधू," असमा म्हणाली. "आणि या वेळी काही गाळणार नाही."

अकिनीने तिच्या हाताला धरलं, आणि दोघी सावकाश खाली उतरल्या.