बिननावाचा कटोरा

देवळाच्या सभामंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. दारं-खिडक्यांवर घोंगड्या टांगलेल्या, कारण "गंगामायला ऊन सोसत न्हाई" असं पाचूमहाराजांनी फर्मावलं होतं. भर बारा वाजता आत अंधार, आणि वर तुळईला बांधलेली एक नळी. खाली पाटावर काचेचा पिवळसर कटोरा होता. महाराजांनी त्यात व्यंकटराव पाटलांच्या विहिरीचं पाणी ओतलं, वरची नळी जांभळट उजळली, आणि कटोरा हिरवागार पेटून उठला. बायाबापड्यांनी हात जोडले. एकीला तर रडूच फुटलं.

"हे भांडं माणसानं केलं न्हाई!" महाराज गरजले. "याच्यावर कुण्या कारागिराचं नाव हाय का? शिक्का हाय का? न्हाई! समुद्रमंथनातून आलेला पाचू हाय ह्यो! शुद्ध पाणी आसंल तरच बोलतो! आणि बघा, बघा, पुण्यवानाच्या अंगावर देव कसा तेज टाकायलाय!"

खरंच की. अंधारात पाटलांचं धोतर निळसर पांढरं चकाकत होतं. पाटील लाजल्यासारखे हसले. मला तिथंच वैताग आला, पण मी गप्प बसले. शाळेची बाई आहे मी. आधी बघायचं, मग बोलायचं, असं रोज पोरांना शिकवते.

ही सगळी नाटकं कशासाठी, ते सांगते. पंच्याऐंशी साल. लातूर जिल्हा होऊन तिसरं वर्ष. जिल्हा नवा, ऑफिसं नवी, आभाळ मात्र तेच कोरडं ठणठणीत. जळकोटपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावाला सरकारनं एक बोअर मंजूर केला. एकच! भूजलवाल्या साहेबांनी आठ दिवस उन्हात फिरून, खडक तपासून आमच्या बौद्ध वस्तीतल्या चिंचेखाली चुन्याची फुली मारली. उद्या सकाळी मशीन येणार होतं. पण फुली आमच्या दारात पडली हे पाटलांना बघवेना. त्यांना ती स्वतःच्या मोसंबीच्या बागेत हवी होती. मग अचानक कुठूनसे हे महाराज उगवले, आणि "देव सांगंल तिथं बोअर" असा ठराव करायला आज ग्रामसभा देवळात भरली.

आमच्या वस्तीचं पाणी म्हणजे ओढ्यातला झरा, दीड कोस लांब. माझी आई सरजाबाई साठीला आलेली, गुडघा सुजून भोपळा झालेला. रोज दोन खेपा. मी शाळेत जायच्या आधी एक करायची, तरी तिची दुसरी चुकत नव्हती. ठराव झाला असता तर ती खेप तिच्या मरणापर्यंत चुकली नसती.

"आता त्या वस्तीचं पाणी आणा," महाराज म्हणाले.

शाळेची बाई म्हणून मी आत होते, पण आई तांब्या घेऊन पायरीशीच उभी होती. वस्तीतल्या आडाच्या तळाला उरलेलं गढूळ पाणी तिनं फडक्यानं दोनदा गाळून आणलं होतं. महाराजांच्या चेल्यानं तिच्या हाताला हात लागू नये म्हणून तांब्या खाली ठेवायला लावला. मग महाराज म्हणाले, "थांबा. आधी भांडं शुद्ध करावं लागंल." पाटलांचं पाणी परत त्यांच्या घागरीत ओतून कटोरा मांडीवरच्या शालीखाली घेतला, गोमूत्र शिंपडलं, काहीतरी पुटपुटले, आणि पुन्हा पाटावर मांडला. आईचं पाणी ओतलं.

कटोरा काळाठिक्कर.

"बघितलं? पाण्यात तेज न्हाई! त्या जागी देव न्हाई!" महाराज ओरडले. मंडपात कुजबुज झाली. पायरीवरच्या, आमच्याच वस्तीतल्या ग्यानोबाकाकांनी मान खाली घातली. आणि आई, माझी आई, रिकाम्या तांब्याकडं बघत हळूच म्हणाली, "आमचं नशीबच तसलं बाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाण्याला जात असते? आणि हे ती सुद्धा खरं मानायला लागली? मी ताडकन उठले, आणि उठता उठता माझं लक्ष माझ्याच पदराकडं गेलं. माझी शाळेची पांढरी साडी पाटलांच्या धोतरासारखीच चकाकत होती.

"महाराज," मी म्हणाले, "मी बी त्या वस्तीतलीच. मग माझ्या साडीवर देवानं तेज कसं टाकलं?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराज गडबडले. "तू... तुझी पूर्वजन्मीची..."

"पूर्वजन्म न्हाई, बाजारातली पावडर हाय! कपडे उजळायची. पाटलीणबाई बी तीच वापरतात. आमच्या बाया राखेनं धुतात, म्हणून त्यांची लुगडी चमकत न्हाईत. एवढंच हाय तुमचं पुण्य, पुडीत मिळणारं!"

"देवळात बाईनं तोंड वर करून बोलावं?" पाटील उठले. "बस खाली!"

तेवढ्यात मागून, स्विचबोर्डाजवळून आवाज आला. "बाई बोलायल्यात ते बरोबर हाय, पाटील."

गुलाम रसूलचाचा होते. जळकोटचे. लग्नात, उरसात दिवे लावायचं काम त्यांचं. तीन पिढ्या हैदराबादी हंड्या-झुंबरं पुसून, सांधून, टांगून देणारं घराणं. सकाळी त्यांनीच ही नळी तुळईला बांधली होती. हात पुसत ते पुढं आले.

"नळी म्या लावली, पण आणली ह्यांनी. जादूच्या खेळातली नळी हाय ही, रंगमंचावरली. ते जाऊ द्या. मला एक सांगा महाराज, शालीखाली गेल्यावर कटोरा हलका कसा झाला?"

"काय बकतो रे!"

"तुम्ही पहिला कटोरा दोन हातांनी उचलला व्हता. ह्यो एका हातानं ठेवला. उमर गेली माझी काचेत." चाचांनी पाटावरचा कटोरा पाण्यासकट उचलला, पाणी परत आईच्या तांब्यात ओतलं, थेंबही सांडू दिला नाही. मग कटोरा पालथा केला. "बोट फिरवा बाई. दोन्ही अंगाला शिवण लागती का?"

लागली. बारीक, सरळ रेघ.

"साच्यातला माल. आठवडी बाजारात मिळतो. आता शालीखालचा काढा."

चेला मागच्या दाराकडं सरकला, पण दारात घोंगडी होती आणि घोंगडीपुढं तोवर आमचे ग्यानोबाकाका येऊन उभे राहिले होते. मी शाल ओढली. दुसरा कटोरा निघाला, अगदी जुळा भाऊ. चाचांनी तो पालथा केला. शिवण नव्हती, बुडाशी मधोमध एक घासलेला गोल वण होता.

"ही फुंकून केलेली काच. फुंकायच्या नळीवरून तोडली की असा वण राहतो, मग घासून काढतात." त्यांनी नखानं टिचकी मारली. कटोरा कितीतरी वेळ वाजत राहिला. "निजामाच्या जमान्यात विलायतेतून यायचा असला माल. जुन्या गढ्यांत म्या हातानं धुतलाय. नाव न्हाई म्हणून काय झालं? माणसाच्या हातची खूण बुडाला असतीच. समुद्रातनं आला म्हणे! बोटीत बसून आला आसंल."

आता मात्र मंडप हसला. मी आईच्या तांब्यातलं पाणी त्या जुन्या कटोऱ्यात ओतलं. हिरवागार! पाटलांच्या घागरीतलं पाणी साच्यातल्या कटोऱ्यात ओतलं. काळा. मग जुना कटोरा रिकामा करून धरला. रिकामाही हिरवागार!

"चाचा, नळी बंद करा."

सगळं विझलं. कटोरा, पाटलांचं धोतर, माझी साडी, देव. मी खिडकीवरची घोंगडी खेचली आणि उन्हाचा झोत आत आला. पाटावर काचेची दोन भांडी होती, आणि महाराजांच्या कपाळावर घाम.

पुढं उदगीरच्या कॉलेजातल्या सरांना विचारलं. ते म्हणाले, जुन्या काळी रंगासाठी काही काचेत किंचित युरेनियम मिसळत. अशा नळीतून डोळ्यांना न दिसणारे किरण निघतात, ते पडले की ती काच हिरवी उजळते. पाणी असो, नसो.

ठराव झाला नाही. बोअर फुलीवरच झाला, एकशेतीस फुटांवर पाणी लागलं. ते साहेबांनी खडक वाचला म्हणून लागलं, आणि कोरडा निघाला असता तरी महाराजांचं थोतांड थोतांडच राहिलं असतं. हे मी पोरांना शंभरदा सांगितलंय.

महाराज त्याच रात्री पळाले, त्याचा मला राग नाही. चोर पळतोच. मला राग आहे तो दारं बंद करून अंधारात हात जोडून बसलेल्यांचा. डोळे असून एकानंही पाटावरचं भांडं उचलून बघितलं नाही! आणि माझ्या आईला स्वतःचं पाणी वाईट वाटायला लावलं, तो राग तर मी मरेपर्यंत सोडणार नाही.

बोअरवर हापसा बसला, त्याच्या चौथ्या दिवशी पाटलीणबाई, उमादेवी, घागर घेऊन चिंचेखाली आल्या. पाटलांची विहीर आटली होती. लांबच उभ्या राहिल्या. आई सुजलेला गुडघा धरून उठली, त्यांची घागर घेतली, हापसून काठोकाठ भरली आणि त्यांच्या कमरेवर स्वतः ठेवली. हाताला हात लागला.

"न्या," आई म्हणाली. "आणि पुढच्या टायमाला कुणी देवाचं भांडं दाखवलं, तर हात जोडायच्या आधी पालथं करून बघा बाई."