भिंगरीसाठी रॅम्प

दुसरीतल्या एका मुलीचे पाय चालत नव्हते. जीभ मात्र अशी चालायची की सगळी शाळा तिला भिंगरीच म्हणे. तिची आई रोज तिला कडेवर घेऊन शाळेच्या पायऱ्या चढायची आणि वरच्या वर्गात बाकावर बसवून जायची. एके दिवशी आईच्या कमरेनेच हात टेकले.

"बाई, आता नाही हो जमायचं. पोरीची शाळा सुटली," म्हणून ती मुख्याध्यापिका बाईंसमोर रडली.  पोरीची शाळा सुटू द्यायची नाही, असा बाईंनी चंगच बांधला.

त्यांनी रॅम्प मागितला. शिक्षण खात्याने एक कोरी चाकांची खुर्ची दिली आणि एक इंजिनिअर दिला. गडी नियमाला पक्का. गवंड्याने रॅम्प बांधला की हा त्यावर गोटी ठेवायचा, आणि गोटी घरंगळली की मान हलवायचा.

"चढ फार आहे. लांबवा."

गोटी घरंगळत नाही तो चढ कसला, हे विचारायची कुणाची छाती होईना. रॅम्प लांबला. झोपाळा गिळून, नळाला वळसा घालून तो फाटकाबाहेर पडला आणि न्हाव्याच्या दुकानासमोरून रस्त्याला लागला. न्हावी अर्धी दाढी तशीच सोडून बघत बसला. तोवर भिंगरी घरीच.

अखेर रॅम्प थेट तिच्या दाराशी पोचला, आणि मग ती थाटात निघाली. पुढे बाई, मागे आई. सगळी वळणं पार करून खुर्ची वर्गाच्या दारात आली आणि अडकली. दारच अरुंद.

"दारं माझ्याकडे नाहीत," इंजिनिअर म्हणाला. "दारांचे साहेब वेगळे."

भिंगरीने आत डोकावून पाहिलं. तिच्या बाकावर दुसरंच कुणी बसलं होतं. तिचे डोळे भरले. मग तिने खाली बोट दाखवलं.

"बाई, तुमची खोली तर खालीच आहे ना? दार पण केवढं मोठंय!"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तपासणीला येणाऱ्या साहेबांची गाडी दाराशी लागावी म्हणून ती खोली खाली होती. त्याच दारातून त्या रोज, कडेवर पोर घेऊन पायऱ्या चढणारी आई बघत आल्या होत्या.

त्याच दुपारी दुसरीचा वर्ग खाली आला आणि बाईंचं टेबल वर गेलं. आता भिंगरी सपाट रस्त्याने स्वतःच चाकं फिरवत येते. बाईंचे गुडघे मात्र कुरकुरतात, पायऱ्या झेपत नाहीत. रॅम्प सुरू होतो भिंगरीच्या दारात, म्हणून बाई सकाळी आधी तिच्या घरी जातात.

परवा खात्याचे मोठे साहेब तपासणीला आले. रॅम्प बघून खूश झाले.

"या रॅम्पचा लाभार्थी कोण?"

"आमच्या बाई!" भिंगरी वर्गातून ओरडली. "बसा तुम्ही, येतीलच. आत्ता न्हाव्यापाशी असतील."